घराला ऐकूं येतें का?

‘भिंतीला कान असतात’ ही म्हण आपल्याकडे बहुधा दटावण्यासाठींच वापरली जाते. सासूसुनांचें बोलणें असो कीं भावाभावांची कुजबूज असो, एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला ही म्हण मुद्दाम शिकवावी लागत नाहीं. परंतु घराला खरोखर कान आहेत कीं नाहींत, असल्यास ते कोणत्या दिशेस आहेत, आणि संकटाच्या वेळीं त्यांना किती दूरचें ऐकूं येईल, याची कोणी शास्त्रशुद्ध परीक्षा घेत असेल, हें मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतें. ती परीक्षा मीं अमेरिकेच्या वायव्य भागांत, सिअ‍ॅटल नगराच्या एका उपनगरांत, माझ्या चिरंजीवांच्या घरीं पाहिली. परीक्षक होती माझी चौदा वर्षांची नात.

प्रथम या परीक्षेमागील व्यवस्था वाचकांस सांगितली पाहिजे. बिनतारी यंत्रावर हौसेनें काम करणाऱ्यांस तिकडे आणि आपल्याकडेही ‘हॅम’ म्हणतात. हौस म्हणजे येथें पोरखेळ नव्हे. सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो, आणि परवान्याबरोबर एक सांकेतिक नांव मिळतें, तें प्रत्येक संभाषणांत उच्चारावें लागतें. अमेरिकेंतील पहिल्या पायरीच्या परीक्षेंत ३५ प्रश्न असतात; त्यांपैकीं २६ बरोबर आले कीं उमेदवार उत्तीर्ण. तेथें वयाची अट नाहीं, नागरिकत्वाचीही नाहीं. आमच्या सूनबाईंनीं हा परवाना अगोदरच घेतला होता. आईचें पाहून मुलीनेंही घेतला.

पूर्वी ही हौशी मंडळी ध्वनीनें किंवा ‘टिंब-रेघ’ अशा मोर्सच्या खुणांनीं बोलत. १९७८ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें हौशी मंडळींनीं अक्षरांचीं लहान लहान पाकिटें करून तीं बिनतारी लहरींवरून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पाठविण्याचे प्रयोग केले. पुढें १९८१ सालीं या कार्यासाठीं ४४ या अंकानें आरंभ होणारे १ कोटि ६७ लक्षांहून अधिक संगणकीय पत्ते राखून ठेवण्यांत आले. त्या वेळीं अशा पत्त्यांना बाजारांत कांहींच मोल नव्हतें. गांवाबाहेरची माळजमीन देवस्थानास इनाम द्यावी आणि दोन पिढ्यांनीं शहर वाढून तिच्या किंमतीस सीमा न राहावी, तसें पुढें झालें. २०१९ सालीं त्यांतील चौथा हिस्सा अ‍ॅमेझॉन कंपनीस विकला गेला, आणि आलेल्या द्रव्यांतून हौशी संशोधनास व शिक्षणास अनुदानें मिळूं लागलीं. उरलेला भाग हौशी मंडळींकडेच राहिला.

सिअ‍ॅटलच्या परिसरांत समुद्राचा एक फांटा जमिनीत खोल शिरला आहे. त्यास प्युजेट साउंड म्हणतात. त्याच्या भोंवतालच्या टेकड्यांवर व पर्वतशिखरांवर तेथील हौशी मंडळींनीं स्वतःच्या पदरचे पैसे व सुट्ट्या खर्चून बिनतारी यंत्रें बसविलीं आणि एक जाळें उभें केलें. त्याचें नांव ‘हॅमवॅन’. यांतून आवाज, पत्रें, नकाशे, चित्रें सर्व कांहीं जातें, आणि यासाठीं कोणत्याही दूरध्वनि कंपनीच्या तारेची गरज लागत नाहीं. पर्वतावरील यंत्र तिन्हीं बाजूंस पंख्याप्रमाणें आपली हांक पसरीत राहातें. आपल्या घरावरून ती हांक ऐकूं येते कीं नाहीं, आणि आपलें उत्तर तिकडे पोंचतें कीं नाहीं, एवढें पाहाणें म्हणजे ही परीक्षा.

आतां कोणी विचारील कीं, घरोघरीं तारेनें आलेलें जाळें असतां, खिशांत दूरध्वनि असतां, हा उपद्व्याप कशाला? मीही विचारलें. सूनबाईंनीं उत्तरादाखल मला एक तारीख सांगितली : २६ जानेवारी १७००. त्या रात्रीं त्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाखालीं सुमारे १००० किलोमीटर लांबीची भेग एकदम सरकली आणि सुमारे ९ प्रतीचा भूकंप झाला. त्या काळीं तेथें लिहून ठेवणारें कोणी नव्हतें. परंतु पॅसिफिक महासागराच्या पलीकडे जपानांत, भूकंपाचा हादरा न बसतां समुद्राची मोठी लाट आल्याची नोंद दप्तरांत राहिली होती. खारें पाणी शिरून एकाच वेळीं वठलेलीं किनाऱ्यावरील झाडें आणि जपानी दप्तरांतील ही पोरकी लाट यांची सांगड शास्त्रज्ञांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस घातली, आणि साल, दिवस व प्रहर निश्चित झाला. ती भेग पुन्हा सरकणार आहे; केव्हां, एवढेंच कोणी सांगूं शकत नाहीं. सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, त्या दिवशीं वीज जाईल, तारा तुटतील, मनोरे पडतील. मुलगी शाळेंत असेल, हे कचेरींत असतील, मी तिसरीकडे असेन. मग कोणी कोणास कसें विचारावें?”

त्या प्रश्नावर मला बोलतां आलें नाहीं, कारण तो प्रश्न माझ्या परिचयाचा होता. १९९३ सालच्या अनंतचतुर्दशीची रात्र महाराष्ट्र विसरणार नाहीं. गणपतीचें विसर्जन करून दमलेलीं माणसें निजलीं होतीं, आणि ३० सप्टेंबरच्या पहांटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासचीं गांवें दगडामातीच्या ढिगांत गेलीं. माझी धाकटी बहीण त्या वेळीं औसा तालुक्यांत होती. तिची वार्ता कळण्यास तीन दिवस लागले. ती सुखरूप होती. परंतु आमच्या मातुःश्रींनीं ते तीन दिवस दाराकडे तोंड करून बसून काढले, पाणी तेवढें घेत. वाईट वार्तेपेक्षां वार्ताच नसणें अधिक छळतें, हें मीं त्या दाराशीं शिकलों.

अशा वेळीं हौशी मंडळी काय करूं शकतात, याचें उदाहरण आपल्या देशांतच आहे. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद नांवाच्या हॅम बाई आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेल्या होत्या. त्या बेटावरून जगाशीं हौशी संभाषण करावें, एवढाच त्यांचा हेतु. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीचीं दळणवळणाचीं साधनें बंद पडलीं, आणि हौसेसाठीं नेलेलें तेंच यंत्र बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळविण्याचें साधन झालें. यंत्र तेथें अगोदर होतें, तें लावून पाहिलेलें होतें, आणि चालविणारें माणूस जवळ होतें; म्हणूनच तें उपयोगीं पडलें. आग लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण मुलांना शिकवितोंच.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. या जाळ्याच्या लहरी सुमारे ५.९ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे एका लहरीची लांबी जेमतेम पांच सेंटिमीटर, तीन बोटांएवढी. याहून आंखूड लहरी आपल्या जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती, हें मीं नातीस सांगितलें तेव्हां तिला आपल्या आजोबांच्या मुलखाविषयीं जरा आदर वाटला. नभोवाणीच्या लांब लहरी डोंगराला वळसा घालून जातात. या आंखूड लहरींचा स्वभाव बराचसा प्रकाशासारखा. ज्याला डोंगर दिसतो, त्यालाच तो ऐकूं येतो, असा ढोबळ नियम.

म्हणून पहिली पायरी नकाशाची. घराची उंची, शिखराची उंची आणि मधल्या भूमीचा चढउतार संगणकावर मांडून नातीनें एक रेघ काढली. अंतर सुमारे २५ किलोमीटर भरलें. मीं म्हटलें, “रेघ मोकळी आहे, झालें तर!” ती म्हणाली, “आजोबा, रेघ मोकळी असून भागत नाहीं. पृथ्वी गोल आहे ना? एवढ्या अंतरांत मध्यभागीं ती सुमारे नऊ मीटर वर येते. शिवाय लहर सुतासारखी जात नाहीं. मध्यें ती फुगते. तेथें रेघेच्या भोंवतालीं अठरा मीटरांपर्यंत जागा शक्य तितकी रिकामी हवी.” मध्यें फुगलेल्या या जागेस फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचें नांव आहे. पालखी रस्त्यानें न्यावयाची तर पालखीपुरती वाट पुरत नाहीं, भोयांच्या पायांनाही जागा लागते, तसेंच हें.

दुसरी पायरी दिशेची. डोंगर आग्नेयेस, दक्षिणेकडे थोडा झुकता. मीं होकायंत्र हातीं घेतलें तेव्हां नातीनें सांगितलें कीं, येथें चुंबकसूची खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस सुमारे १५ अंश वळलेली असते. महाराष्ट्रांत हा फरक इतका अल्प आहे कीं आपण तो जमेसही धरीत नाहीं. परंतु साठ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीची दृष्टि सुमारे सहा अंशांपुरतीच असते. तेव्हां पंधरा अंशांची ती तफावत वजा केली नाहीं तर तबकडी भलत्याच डोंगराचें ध्यान करीत बसावयाची.

तिसरी पायरी श्रवणाची. या पायरीवर घराचें यंत्र कांहींच बोलत नाहीं, केवळ ऐकतें. कायद्यानेंही ऐकण्यास परवाना लागत नाहीं, बोलण्यास लागतो. हा भेद मला फार आवडला. पुष्कळ सभांना तो लागूं करण्याजोगा आहे. चिरंजीव शिडीवर, तबकडी त्यांच्या हातांत, नात खालीं संगणकापाशीं, आणि मी दोघांच्या मध्यें निरोप पोंचविण्यास. “बाबा, अगदीं केंसभर डावीकडे!” ती म्हणे, मी तें वर ओरडून सांगें. असा घटकाभर प्रयत्न झाल्यावर पडद्यावर पर्वतावरील यंत्राचें नांव उमटलें, आणि आमचा आनंद ओसरण्यापूर्वींच मावळलें. पुन्हा उमटलें, पुन्हा मावळलें. बल उणें ९१ म्हणून दिसत होतें. ही मोजणी उणे अंकांत असते. शून्याच्या जितकें जवळ तितकी हांक मोठी.

आमचे नैयायिक सांगतात कीं, वाक्याचा अर्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि हीं तीन हवींत. एक शब्द आतां उच्चारला आणि दुसरा प्रहरानें, तर शब्द कानीं पडूनही वाक्य होत नाहीं. तेथें सन्निधि नाहीं. आमच्या घराची तीच गत होती. ऐकण्याची आकांक्षा होती, यंत्राच्या ठायीं योग्यता होती. सन्निधि तुटत होता. नाद येत होता, बोध होत नव्हता.

कारण शोधण्यास दूर जावें लागलें नाहीं. परसाच्या पलीकडे डग्लस फर जातीच्या सूचिपर्णी वृक्षांची एक रांग आहे, पन्नास मीटरांपर्यंत वाढलेली. डोंगराची रेघ बरोबर त्यांच्या माथ्यांतून जाते. सुयांसारख्या त्या पानांतील ओलावा या आंखूड लहरी शोषून घेतो. पावसांत तीं पानें भिजलीं कीं अधिकच. पंचवीस किलोमीटरांच्या वाटेवर २४९०० मीटर मोकळे, आणि अडथळा शेवटच्या शंभर मीटरांत! झाडें आमच्या मालकीचीं नव्हतीं, आणि असतीं तरी शतायु वृक्ष तोडावा असें कोणाच्या मनांतही आलें नसतें. छपरावर त्याहून उंच खांब उभारणें तर अशक्यच. नातीचें तोंड उतरलें. परंतु तिनें वहींत लिहिलें : स्थान, दिशा, वेळ, हवा, बल, आणि शेवटीं ‘नाहीं’. परीक्षेचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें तरी परीक्षा फुकट जात नाहीं, हें तिला माझ्याकडून ऐकण्याची गरज नव्हती.

रस्त्याच्या पलीकडे जरा उंचवट्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहातात. पूर्वी त्या रुग्णालयांत परिचारिका होत्या. आमचा शिडीवरील गलबला त्या खिडकींतून पाहात होत्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं चौकशी केली, तेव्हां सूनबाईंनीं सर्व समजावून सांगितलें. बाईंनीं एकच शंका काढली : “मग माझीं पत्रेंही त्या डोंगरावरचे लोक वाचतील काय?” नातीनें प्रामाणिकपणें सांगितलें कीं, यांतून त्यांचें स्वतःचें कांहींच जाणार नाहीं, आणि आमचें जें जाईल, तें वाचूं इच्छिणाऱ्या कोणासही वाचतां येईल. हौशी लहरींवर अर्थ लपविण्यासाठीं गूढलिपि वापरण्यास कायद्यानें मनाई आहे. तसाच त्यांवरून व्यापारही करतां येत नाहीं. पेढीचा हिशेब नाहीं, खरेदीविक्री नाहीं, गुपित नाहीं. बाई हंसून म्हणाल्या, “म्हणजे फक्त ‘मी बरी आहे, तूं कशी आहेस’ एवढेंच बोलावयाचें. तेवढें पुरे.”

त्यांच्या छपराच्या दक्षिणेकडील कोंपऱ्यावर तबकडी धरून पाहिली. तेथून झाडांची रांग उजव्या बाजूस राहाते आणि डोंगर, ढग नसतील तेव्हां, डोळ्यांनींही दिसतो. बल उणें ७२ आलें. पहिल्याच्या मानानें सुमारे ऐंशीपट! आणि तरीही हें बल म्हणजे काय, तर एका वॉटचे हजार कोटि भाग केले तर त्यांतील एक भागसुद्धां पुरता नव्हे. एवढ्याशा कणावर पंचवीस किलोमीटरांवरचें बोलणें अक्षर न अक्षर उमटलें. मग घराचें यंत्र प्रथमच बोललें, आणि पर्वतानें ओ दिली. बाईंच्या संमतीनें तबकडी तेथेंच कायम बसविली. तेथून रस्ता ओलांडून आमच्या घरापर्यंत दुसरें लहानसें बिनतारी यंत्र पुरलें.

परीक्षा एवढ्यावर संपली नाहीं. सूनबाईंनीं घरची वीज बंद करून केवळ विद्युत्घटावर यंत्र चालवून पाहिलें. २५० वॉट-तासांच्या घटावर आठ वॉट खाणारें यंत्र एक दिवस व एक रात्र सहज निभावून नेतें, असें हिशेबानें निघालें आणि प्रत्यक्षांतही ठरलें. पाऊस पडला त्या दिवशीं पुन्हा बल मोजलें. उघड्या वाटेवर या लहरींना पावसाचें फारसें भय नाहीं, भिजलेल्या पानांचें आहे, हें सिद्ध झालें. दर शनिवारीं सकाळीं हीच नोंद करावयाची असा नेम ठरला. तेव्हां बाई म्हणाल्या कीं, डोंगराला ‘ऐकूं येतें का’ म्हणून दर आठवड्यास विचारतांच, तर त्याच वेळीं माझेंही दार वाजवीत जा. त्या दिवसापासून वहींत एक रकाना वाढला.

मला या सर्वांत यंत्राहून त्यामागील नियमांचें नवल अधिक वाटतें. ज्यांत गुपित ठेवतां येत नाहीं आणि नफा काढतां येत नाहीं, अशी वस्तु टिकेल कशी, असें व्यवहार विचारील. परंतु आपल्या जुन्या वाड्यांतील मधला चौक अशाच नियमांवर टिकला होता. तेथें कोणाची पेटी नसे, कोणाचें दुकान नसे. आडाचें पाणी सर्वांचें आणि तेथें बोललेलें सर्वांना ऐकूं येई. त्याचा जांच किती होई, हें त्यांत राहिलेल्या प्रत्येकीस ठाऊक आहे, आणि तो मी लपवीत नाहीं. बँकेचा व्यवहार, मनांतलें दुःख, नवराबायकोचें भाषण यांना बंद खोलीच हवी. परंतु रात्रीं कोणास विंचू चावला तर हांक त्या चौकांतूनच वर जाई आणि चारी बाजूंचीं दारें एकदम उघडत. आज मुलें सात समुद्रांपलीकडे स्वतंत्र घरांत राहातात. बंद खोल्या त्यांच्याजवळ भरपूर आहेत. चौक मात्र त्यांना मुद्दाम बांधावा लागतो, आणि तो पांच सेंटिमीटरांच्या लहरींनींही बांधतां येतो.

वाचकांपैकीं फार थोड्यांस तबकडी व शिखर यांचा प्रसंग येईल. तरीही प्रत्येक घरानें आपल्यापुरती ही परीक्षा एकदां घ्यावी असें मला सुचवावेंसें वाटतें. वीज गेली, दूरध्वनि मुका झाला, रस्ता तुटला, तर घरांतील प्रत्येकानें कोठें जमावयाचें? कोणाच्या दारीं निरोप ठेवावयाचा? दूरगांवच्या कोणा एका आप्तास सर्वांनीं आपली खुशाली कळवावयाची? हीं उत्तरें कागदावर लिहून सर्वांस पाठ करावयास लावावीं आणि वर्षांतून एकदां खरोखर करून पाहावीं. आणि उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर खांब उंच करण्याआधीं समोरच्या घरीं जाऊन विचारावें. डोंगर आपल्या छपरावरून दिसत नसला, तरी शेजाऱ्याच्या छपरावरून पुष्कळदां दिसतो.